समुद्रकाठचे घर, नऊ रात्रींसाठी

२९ जून २०२४ च्या रात्री आमच्या दिवाणखान्यातील दिवा बराच उशिरापर्यंत जळत होता. ब्रिजटाउन येथील केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला होता. सात धावांनी आपण जिंकलो आणि पुढच्याच मिनिटाला दोन फोन वाजले. एक लंडनहून चिरंजीवांचा, दुसरा टोरोंटोहून कन्येचा. आमच्या सौ.नी कधी नव्हे ते धाडस करून दोघांनाही एकाच कॉलवर घेतले.

वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आमच्या घरी मात्र ती सहा वर्षांत घडली नव्हती. सांगलीचे वडिलोपार्जित घर २०१८ मध्ये विकले, तेव्हा वाटणीच्या कागदांवर दोघांनी एक शब्दही न काढता सह्या केल्या. चार शब्द काढले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे अनेकदा वाटले. भांडण झालेच नाही, म्हणून मिटवायलाही काही नव्हते. दोघेही दरवर्षी येत. पण एकाच्या येण्याचा महिना दुसऱ्याच्या महिन्याशी कधी जुळत नसे, आणि रजा, मुलांच्या शाळा, विमानाचे दर अशी कारणे दोन्हीकडे तयार असत.

त्या रात्री चिरंजीव सहज म्हणाला, "बाबा, या बेटावर आमच्या इथून थेट विमान जाते." पलीकडून कन्या म्हणाली, "आमच्याकडूनही जाते." मग काही क्षण कोणीच बोलले नाही. ती संधी साधून सौ. म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी आपण सगळे तिथेच भेटू या की!" फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी पुस्ती जोडली, "अहो, आखणी मात्र तुम्हीच करा. दोघांपैकी एकाने केली तर दुसऱ्याला ती पटायची नाही."

या सदरात मी एरवी मुदतठेवी, नामनिर्देशन, इच्छापत्र यांविषयी लिहितो. परंतु अलीकडे आपल्या व्यापारी कुटुंबांतील पुष्कळ मंडळी दूरदेशीच्या समुद्रकाठी सहकुटुंब जाऊ लागली आहेत, आणि मुक्कामाची आखणी हाही एक प्रकारे जोखीम व परतावा यांचाच हिशेब असतो. बार्बाडोसच्या आमच्या मुक्कामाचा हिशेब, त्यातील माझ्या एका महागड्या चुकीसह, आज मांडतो.

पहिला प्रश्न महिन्याचा. त्याचे उत्तर आपल्या विजयी संघानेच दिले होते. अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी 'बेरिल' नावाचे चक्रीवादळ आले, विमानतळ बंद झाला आणि विश्वचषक हाती असलेले खेळाडू हॉटेलात अडकून पडले. खास विमानाने ते दिल्लीस पोहोचले ते ४ जुलैच्या सकाळी. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेले होते, तरीही तेथील कोळ्यांच्या नौकांची दाणादाण उडाली. अटलांटिकमधील वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. कॅरिबियन बेटांत बार्बाडोस सर्वांत पूर्वेकडे, नेहमीच्या वादळवाटेपासून जरासे बाजूला आहे, म्हणून तेथे तडाखे कमी बसतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. गंमत अशी की, हा काळ जवळजवळ आपल्या चातुर्मासाचाच. पावसाळ्यात एका ठिकाणी राहावे, हा पूर्वजांचा दंडक त्या समुद्रालाही लागू पडतो.

उलटपक्षी डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा कोरडी आणि उत्तम असते. युरोप आणि अमेरिकेतील थंडीला कंटाळलेली माणसे तेव्हा तेथे लोटतात आणि दर अर्थातच चढे असतात. नाताळच्या पंधरवड्यात तर विचारूच नये. १५ एप्रिलनंतर हे दर उतरू लागतात, आणि वादळांना अजून सहा आठवडे असतात. आम्ही एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि त्यापुढील दोन दिवस धरले. मालाची आवक टिकून असताना गिऱ्हाईक ओसरते, तेव्हा खरेदी करावी, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. टोरोंटोच्या नातीची शाळा तेवढी एक आठवडा बुडाली. तिच्या आईने त्यावर प्रथम आक्षेप घेतला, मग तोच आक्षेप मामाने उचलून धरला तेव्हा मागे घेतला.

आता किनाऱ्याचा प्रश्न. माझी चूक येथेच झाली. बार्बाडोस हे बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ३४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे २३. एवढ्याशा बेटावर कोठेही राहिले तरी समुद्र तोच, असे मी गृहीत धरले. पूर्व किनाऱ्यावरील बाथशेबा या गावाजवळचे एक घर मला छायाचित्रांत दिसले. पाण्यात उभे असलेले छत्रीसारखे प्रचंड खडक, मागे हिरवी टेकडी, वर वाऱ्याने वाकलेली नारळाची झाडे. भाडेही पश्चिमेपेक्षा बरेच कमी. आता आरक्षण केले तर आणखी सवलत, असे त्या संकेतस्थळावर लिहिले होते. मी तीस टक्के रक्कम भरून मोकळा झालो आणि दोन्ही मुलांना अभिमानाने छायाचित्रे धाडली.

चार दिवसांनी घरमालकीणबाईंना पत्र लिहून विचारले की, सहा वर्षांची मुलगी तेथे पाण्यात खेळू शकेल का. बाईंनी प्रामाणिकपणे कळवले, "आमच्याकडे पोहायला कोणी उतरत नाही. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत बसता येते. आमचा समुद्र पाहण्यासाठी आहे." अधिक वाचल्यावर कारण उमगले. तेथे वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. पूर्व किनाऱ्यापासून आफ्रिकेपर्यंत मध्ये कोठेही जमीन नाही. त्यामुळे अटलांटिकच्या लाटा अडथळ्यावाचून हजारो मैल येऊन तेथे आदळतात आणि परतताना माणसाला आत ओढून नेतात. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांची ती पंढरी आहे. बेटाची पश्चिम बाजू वाऱ्याच्या आडोशाला असल्यामुळे तेथील पाणी एखाद्या मोठ्या तळ्यासारखे शांत असते. घरांच्या भाड्यांतील फरकाचे कारण हेच होते, आणि मी तो फरक म्हणजे आपली हुशारी समजलो होतो.

शिवाय २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ लोंढ्यांनी येऊ लागले आहे. वसंतापासून उन्हाळाभर ते वाहत येते, वाळूवर कुजते आणि अंड्यासारखा उग्र दर्प सोडते. बार्बाडोसच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांना त्याचा उपद्रव अधिक, पश्चिमेला कमी. म्हणजे महिना आणि किनारा हे दोन वेगळे निर्णय नव्हतेच. एप्रिलअखेर जायचे तर पश्चिमच हवी.

भरलेली रक्कम परत मागितली, तेव्हा संकेतस्थळाने आरक्षणाच्या अटींतील नववे कलम दाखवले. पस्तीस वर्षे कर्जदारांना मी 'सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचा' असे सांगत आलो. माझे ४१,००० रुपये त्या बारीक अक्षरांत गेले. सौ. काही बोलल्या नाहीत. फक्त त्या आठवड्यात भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझ्याकडे दोनदा पाहिले.

दुसऱ्या खेपेस मी कागद घेतला आणि घराची छायाचित्रे पाहण्याआधी माणसांची यादी लिहिली. आम्ही दोघे, त्यात एकीची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षे झालेली. मुलगा, सूनबाई आणि तीन वर्षांचा नातू. कन्या, जावई आणि सहा वर्षांची नात. आठ जण. त्यांपैकी चौघांना सूर्यास्तानंतर खायचे नाही, तिघे कंदमुळे वर्ज्य मानणारे, मद्य आणि मांसाहार कोणाचाच नाही. ही यादी समोर ठेवली आणि अर्धे पर्याय आपोआप गळून पडले.

कॅरिबियन बेटांवर 'ऑल-इन्क्लुझिव्ह' नावाची पद्धत फार लोकप्रिय आहे. राहणे, तिन्ही वेळचे जेवण, पेये, सारे एकाच रकमेत. जाहिरात वाचताना ती सोयीची वाटते. पण तेथील दराचा मोठा भाग अमर्याद मद्य आणि सागरी मांसाहार यांचा असतो. जो माल आपण उचलणारच नाही, त्याचे पैसे मोजून शेवटी फळे आणि पाव खायचा! शिवाय अशा ठिकाणी रात्रीचे जेवण बहुधा साडेसहा-सातला सुरू होते. ब्रिजटाउन हे जवळजवळ चेन्नईच्याच अक्षांशावर असल्यामुळे तेथे संध्याकाळ लांबत नाही. एप्रिलअखेर सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पाहता पाहता अंधारते. चौविहार करणाऱ्याने त्या भोजनगृहाच्या बंद दाराबाहेर ताटकळावे, हे मला पटेना. मी विचारणा केलेल्या हॉटेलाचा तीन खोल्यांचा आकडा भाड्याच्या घरापेक्षा जवळजवळ अडीचपट निघाला.

म्हणून स्वयंपाकघर असलेले तीन शयनगृहांचे घर. येथे एक माहिती मोलाची ठरली. बार्बाडोसमधील सर्व समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही भारी असो, त्याच्यासमोरच्या वाळूवर बसण्यापासून ते कोणाला रोखू शकत नाही. मग थेट पाण्याला लागून असलेल्या घरासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? आम्ही पश्चिम किनाऱ्यावर होलटाउनजवळ, रस्त्याच्या आतील अंगाचे घर घेतले. वाळू चार मिनिटांवर, किराणा दुकान सात मिनिटांवर, ब्रिजटाउनचे मोठे रुग्णालय मोटारीने सुमारे अर्ध्या तासावर. एक उणीव सांगितली पाहिजे. त्या किनारी रस्त्याला काही ठिकाणी पदपथ अगदी अरुंद आहे आणि वाहने वेगात असतात. लहान मुले असतील तर रस्ता ओलांडण्याची जागा आधी विचारून घ्यावी. या वेळी मी घरमालकांना सतरा प्रश्न विचारले. जिना किती पायऱ्यांचा, गॅस की वीज, उशिरात उशिरा रद्द केल्यास किती परत. ते गृहस्थ वैतागले असावेत. पण त्यांनी उत्तरे लेखी दिली.

किमतीविषयी दोन सावधगिरीच्या सूचना. तेथील चलन बार्बाडोस डॉलर; १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर असा स्थिर दर आहे. दोन्हींना बोलताना नुसते 'डॉलर' म्हणतात. कोणी दोनशे डॉलर सांगितले, तर 'कोणते?' हे विचारण्यात लाज बाळगू नये. फरक दुपटीचा आहे. अमेरिकी नोटा सर्वत्र चालतात, सुटे मात्र स्थानिक चलनात मिळतात आणि बेटाबाहेर त्या नोटांना कोणी विचारत नाही, म्हणून त्या शेवटच्या दिवशी संपवाव्यात. दुसरे म्हणजे, घराच्या वा खोलीच्या दर्शनी दरावर कर, सेवाशुल्क आणि प्रत्येक रात्रीचा मुक्काम-कर यांची भर पडते. 'सर्व धरून हाती किती पडेल' असा एकच आकडा मागावा. आपल्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो, तोही त्यात मिळवावा. भारतातील एजंटाकडून पॅकेज घेतल्यास टीसीएस कापला जातो. त्याचे दर अंदाजपत्रकागणिक बदलतात. तो खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. विवरणपत्रात तो मागून घेण्यास विसरणारी कितीतरी सुखवस्तू माणसे मी पाहिली आहेत.

व्हिसाची गोष्ट याहून फसवी. बार्बाडोसला पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टधारकास आगाऊ व्हिसा लागत नाही. हे वाक्य वाचून माणूस निर्धास्त होतो आणि तेथेच फसतो. कारण भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. वाटेत कोठेतरी उतरावेच लागते. अमेरिकेत विमान बदलायचे असेल, तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही तेथील व्हिसा लागतो. कॅनडातही आपल्याला पारगमनासाठी व्हिसा हवा. लंडनमध्ये केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा, काही विशिष्ट देशांचा वैध व्हिसा जवळ नसेल तर, पारगमन व्हिसा लागतो. आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उड्डाण असेल, तर वेगळ्या प्रकारचा. माझ्या परिचयातील एका जोडप्याला मुंबईच्या विमानतळावरूनच याच कारणासाठी माघारी फिरावे लागले. तिकिटे विकणाऱ्याने त्यांना हे सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. आम्ही ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा घेतला, मुलाकडे दोन आठवडे राहिलो आणि त्याच्याच कुटुंबाबरोबर पुढे गेलो. लंडन ते बार्बाडोस साडेआठ-नऊ तास. सलग प्रवासापेक्षा सौ.च्या प्रकृतीलाही हे मानवले. नियम बदलत असतात. तिकीट काढण्याच्या दिवशी संबंधित देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

मेहुण्यांनी सुचवले की, एवढे दूर जाताच आहात तर त्रिनिदादही करा. मोह झाला होता. पण त्रिनिदाद पीतज्वराच्या क्षेत्रात मोडते. तेथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याजवळ लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला येथे विलगीकरणात ठेवतात, आणि ती लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारल्यावर आमच्या वयाला ती उगाच घेऊ नये असे त्यांचे मत पडले. त्रिनिदाद राहिले.

प्रवासविमा घेताना अँजिओप्लास्टी लपवू नये. विमा प्रतिनिधीने मला 'लिहिलेच पाहिजे असे नाही' असे सुचवले होते. हप्ता वाढला, पण लिहून दिले. वादळाच्या दिवसांत जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा उपयोगी पडत नाही.

सामानाविषयी थोडके. तेथे वीज ११५ व्होल्टची आणि खटके अमेरिकी धर्तीचे चपट्या पिनांचे. सौ.चा मिक्सर सांगलीहून निघाला होता, तो मुंबईत भाच्याकडे उतरला. तवा, कुकर आणि दोन पातेली आमची नेली; भाड्याच्या घरातील भांड्यांत पूर्वी काय शिजले असेल ते सांगता येत नाही. खाकरे, डाळी, मसाले कारखान्याच्या बंद पाकिटांत नेले आणि उतरल्यावर जाहीर केले. ताजी फळे, बी-बियाणे नेऊ नयेत. आणि नातवंडांचे लष्करी ठिपक्यांचे कपडे असतील तर ते घरीच ठेवावेत; त्या नक्षीचे कपडे घालणे बार्बाडोसमध्ये कायद्याने मना आहे, मुलांनासुद्धा. आमच्या नातवाची अशी एक आवडती टोपी होती. ती काढून घेताना झालेला आकांत मी येथे वर्णन करीत नाही.

स्वयंपाकाची चिंता मात्र आम्ही वाजवीपेक्षा जास्त केली. ब्रिजटाउनच्या चीपसाइड बाजारात भेंडी, लाल भोपळा, कोबी, केळी, पपई होती. तेथील लोकांच्या रोजच्या भातात जी 'पिजन पीज' असते, ती आपली तूरच! मात्र उपाहारगृहात तो भात खारवलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवलेला असू शकतो, विचारून घ्यावे. कू-कू नावाचा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ मक्याचे पीठ आणि भेंडी यांचा घाटा आहे. सोबतचा मासा वगळून तो मिळू शकतो. भोजनपत्रिकेवर 'ग्राउंड प्रोव्हिजन्स' असे दिसले, तर ती सारी कंदमुळे समजावीत. सुरणासारखे याम, रताळी, कसावा. किराणा महाग आहे, कारण बेटावरील बहुतेक अन्नपदार्थ बाहेरून येतात.

एका झाडाविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. पश्चिम किनाऱ्यावर वाळूलगत मँचिनील नावाची झाडे आहेत. त्यांना लहान हिरव्या सफरचंदासारखी फळे येतात आणि ती अत्यंत विषारी असतात. झाडाचा चीकही त्वचेला भाजतो. म्हणून पावसात त्याखाली उभे राहू नये. पुष्कळ झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा किंवा पाटी असते. पहिल्याच सकाळी दोन्ही नातवंडांना हाताला धरून नेऊन आम्ही ते झाड दाखवले.

बँकेच्या नोकरीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला ब्रिजटाउनमधील एक इतिहास विशेष भावला. त्रिनिदाद आणि गयाना येथे हजारो भारतीय मजूर करारावर नेले गेले. बार्बाडोसला जवळजवळ नाहीत. बेट लहान, लोकवस्ती दाट. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पूर्णपणे सुटलेल्या माणसांना जायला दुसरी मोकळी जमीनच नव्हती, त्यामुळे ऊसमळेवाल्यांना मजुरांची उणीव भासली नाही. तेथे भारतीय गेले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि व्यापारी म्हणून. प्रथम बंगालमधील हुगळीकडचे, नंतर सुरतेकडचे मुस्लीम फेरीवाले. पुढे सिंधी दुकानदार. गाठोड्यात कापड बांधून ते खेडोपाडी दारोदार फिरत आणि उधारीवर विकत. दर आठवड्याला येऊन थोडेथोडे पैसे नेत आणि वहीत मांडत. ज्या गरीब बायांना कोणतीही बँक दारात उभी करत नव्हती, त्यांच्या घरात पडदे आणि मुलांच्या अंगावर शाळेचे कपडे या उधारीने आले. तारण काही नव्हते. होता तो आठवड्याचा फेरा. स्वान स्ट्रीटवरून चालताना एका कापडदुकानाच्या गल्ल्यामागे बसलेल्या वृद्धाने आम्हाला गुजरातीत 'क्यांथी आव्या?' असे विचारले, तेव्हा आमचे जावई, जे घरी एकही शब्द गुजराती बोलत नाहीत, दहा मिनिटे त्यांच्याशी बोलत राहिले.

बेटावरील बस मला फार आवडली. कोठेही जा, भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर. थांब्यांवर दोनच प्रकारच्या पाट्या असतात, 'टू सिटी' आणि 'आउट ऑफ सिटी'. मोटार भाड्याने घ्यायची तर आपल्यासारखेच डावीकडून चालवायचे असते, फक्त तेथील तात्पुरता परवाना काढावा लागतो. हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा छोट्या ट्रॅमगाडीत बसून पाहता येते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी ती चुकवू नये. बाथशेबालाही एक दुपार गेलो. मालकीणबाईंनी लिहिल्याप्रमाणे तो समुद्र पाहण्यासाठीच होता. ४१,००० रुपयांचे ते घर मी लांबून सर्वांना दाखवले.

खर्चाची वाटणी हा सर्वांत नाजूक भाग. चिरंजीव म्हणाला सारे मी देतो. कन्या म्हणाली, मग मी येत नाही. शेवटी असे ठरवले की, घराचे भाडे आम्ही द्यायचे, विमानाचे ज्याचे त्याने, आणि स्वयंपाकघराचा खर्च एका सामायिक पाकिटातून. पाकिटाशेजारी ओट्यावर मी एक वही ठेवली. जो बाजार करील त्याने लिहायचे.

पहिले दोन दिवस दोघेही वेगवेगळ्या वेळी बाजारात गेले आणि वेगवेगळ्या शाईने नोंदी केल्या. दोघांनी दूध आणले, दोघांनी पाव आणले. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाल्या, "एवढा पाव कोण खाणार? जा, दोघे मिळून जा आणि भेंडी घेऊन या." ती दोघे अकराच्या बसने ब्रिजटाउनला गेली. एकला परतायला हवी होती, तीन वाजले. सौ. दारात येरझारा घालू लागल्या. चार वाजता दोघे रस्त्याच्या वळणावर दिसले. हातात भेंडीची पिशवी होती आणि कन्येचे डोळे लाल होते. "ताईने 'आउट ऑफ सिटी'च्या थांब्यावर उभे केले आणि आम्ही उत्तरेच्या टोकाला गेलो," चिरंजीव म्हणाला. "मग तिथेच बसलो होतो." कोठे बसले होते आणि काय बोलले, ते आम्ही विचारले नाही. त्या संध्याकाळी पावणेसहाला आठही जण एकाच टेबलाशी जेवायला बसलो. भेंडी थोडी निबर होती.

शेवटच्या रात्री मी वही मांडून बसलो. अकरा बार्बाडोस डॉलरचा फरक राहत होता. चिरंजीव म्हणे तो माझ्या नोंदीत आहे, कन्या म्हणे माझ्या. रोकड जुळल्याशिवाय शाखेतून घरी न जाणारा मी, साडेदहाला वही मिटली. ती सध्या टोरोंटोला कन्येकडे आहे. पुढचा मुक्काम ठरवताना लागेल, असे तिने कळवले आहे, आणि लंडनहून चिरंजीवाने कोणत्या तरी बेटाची छायाचित्रे पाठवली आहेत. मी त्याला विचारले आहे की, ते घर बेटाच्या कोणत्या बाजूला आहे.